‘बाहेरचा चहा’ : गोरेगावच्या निमित्ताने एका शब्दसमूहाचा इतिहास

“दुपारी बेकरीत चहाला जाऊ” हे वाक्य आज गोरेगावात कोणीही सहज उच्चारतो. आपण काही विशेष बोलत आहोत असे बोलणाऱ्यास वाटत नाही, आणि ऐकणाऱ्यासही वाटत नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाने हे वाक्य क्षणभर न्याहाळले, तर दोन गोष्टी त्याच्या ध्यानात येतील. पहिली ही, की ‘बेकरी’ आणि ‘चहा’ ही त्यातील दोन्ही प्रमुख नामे परकी आहेत; मराठीची म्हणून जी उरतात ती वेळ, प्रत्यय आणि क्रियापद. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे वाक्य दीडशे वर्षांपूर्वी याच गावातील बहुतेक मराठी घरांत उच्चारता आले नसते, आणि त्याचे कारण ती परकी नामे नव्हेत, तर ‘जाऊ’ हे आपले साधे क्रियापद होय. परक्या हाताने भाजलेले अन्न, परक्याच्या छपराखाली, कोणत्या जातीचा हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या शेजारी बसून खावयाचे, आणि त्यासाठी आपण होऊन घराबाहेर पडावयाचे, ही कल्पनाच त्या काळी बहिष्कारास पात्र होती.

खाद्यपदार्थांच्या प्रसाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो त्या पदार्थांबरोबर आलेल्या आणि त्यांच्याविरुद्ध योजलेल्या शब्दांचा. बाहेर चहा घेण्याची मुभा ज्या दीर्घ भांडणातून मराठी माणसाला मिळाली ते भांडण आपण विसरलो आहोत. शब्दांत मात्र त्याच्या खुणा राहून गेल्या आहेत, असे मला दिसते.

आरंभ ‘बाहेर’ या शब्दापासूनच करणे बरे. मराठीत हा शब्द केवळ दिशावाचक नाही. ‘बाहेरची बाधा’ म्हणजे भूतपिशाचाची बाधा. ‘बाहेरख्याली’ म्हणजे स्वैराचारी. स्त्री ‘बाहेर बसली’ म्हणजे विटाळशी झाली. उंबरठ्यापलीकडच्या जगाविषयीचा एवढा संशय ज्या शब्दाभोवती साचला आहे, त्यालाच ‘खाणे’ हे नाम जोडले की ‘बाहेरचे खाणे’ हा प्रयोग होतो. आज आपण त्यात आरोग्याची चिंता वाचतो: तेल कसले, पाणी कुठले. दोन-तीन पिढ्यांपूर्वी त्याचा अर्थ प्रथम पाणी कोणाचे, हात कोणाचा, असा होता.

आता स्थळाकडे वळू. गोरेगाव हे साष्टी बेटावरील गाव. साष्टी १५३४ च्या वसई तहाने पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली. म्हणजे दोनशे वर्षे पोर्तुगीज, सदतीस वर्षे मराठे, आणि त्यानंतर इंग्रज. ही प्रमाणे ध्यानात ठेवावी, कारण पुढे शब्दांतही त्यांचे प्रतिबिंब दिसणार आहे. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी धावू लागली, तेव्हाच्या स्थानकांच्या यादीत ‘गोरेगाव’ हे नाव सापडत नाही. सापडते ते ‘पहाडी’. शेजारच्या गावाचे हे नाव स्थानकावरून गेले, तरी जमिनीच्या दप्तरात ते टिकून राहिले. गोरेगाव बृहन्मुंबईत आले ते १९५७ मध्ये. तोवर ते शहराच्या दृष्टीने ‘बाहेर’च होते.

दुपारच्या या चहाच्या मेजावरील सर्वांत जुना पाहुणा म्हणजे पाव. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’ या भाकरीवाचक शब्दावरून आला आणि तो शेवटी लॅटिन ‘पानिस्’पर्यंत जातो, हे सर्वमान्य आहे. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील आपला ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्याला आता शतक उलटून गेले. तरीही वर्गात हा शब्द निघाला की एखादा विद्यार्थी हमखास सांगतो, “सर, पायाने तुडवतात म्हणून पाव.” दुसरा म्हणतो, चार तुकड्यांची लादी, तिचा चौथा हिस्सा तो पाव. दोन्ही व्युत्पत्त्या वरवर पाहता अशक्य नाहीत, कारण ‘पाय’ आणि चतुर्थांशवाचक ‘पाव’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘पाद’ या एकाच शब्दाचे वंशज आहेत. तथापि ध्वनिनियमापुढे त्या टिकत नाहीत. पोर्तुगीजमधील अंत्य सानुनासिक ‘आंव’ मराठीत अनुनासिक गमावून ‘आव’ होतो. ‘लेलांव’चा ‘लिलाव’ झाला तो याच वाटेने. लिलावात कोणी काही पायाने तुडवीत नाही. कोकणीने मात्र ‘पांव’मधील अनुनासिक जपून ठेवले, आणि गोव्यात भाजणाऱ्यासही ‘पादेयरु’वरून ‘पोदेर’ म्हटले जाते.

व्युत्पत्ती म्हणून जे टाकाऊ आहे ते इतिहासाचे साधन म्हणून टाकाऊ असतेच असे नाही. पायाची ही कथा शब्दाविषयी खोटे सांगते. पण ती ज्या समाजाने रचली त्याच्या मनाविषयी खरे सांगते. पाव खाणाऱ्याविषयीची किळस तिने शब्दाच्या पोटातच नेऊन ठेवली. याच जातीची दुसरी आख्यायिका वसई-साष्टीपासून गोव्यापर्यंत ऐकू येते: पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, त्या विहिरीचे पाणी गाव प्याले, आणि गाव बाटले. धर्मांतराच्या इतिहासाचे साधन म्हणून ती घेता येत नाही. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पंथीयांनी साष्टीत जे कार्य केले, त्याची साक्ष बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यांवर उभारलेल्या ख्रिस्ती वास्तूंचे अवशेष आजही देतात. त्यामागे राजसत्तेचे बळ होते, जमिनीचे व्यवहार होते, काही ठिकाणी श्रद्धाही होती. विहिरीतील एका पावाने हे सारे घडले नाही. परंतु कथेतील तर्क पाहण्यासारखा आहे. बाटण्यासाठी पाव खावाही लागत नाही. त्याने स्पर्शिलेले पाणी पुरे होते. ‘बाटणे’ हे क्रियापद येथे अकर्मक आहे, हेही पाहावे. माणूस काही करीत नाही. त्याला काही होते.

पावाविषयीचा आक्षेप केवळ हाताचा नव्हता. यीस्टचा सुळसुळाट होण्यापूर्वी या किनाऱ्यावर पीठ फुगवीत ते माडाच्या सुरेने, म्हणजे ताज्या माडीने. साष्टीतील जुने ख्रिस्ती, ज्यांनी १८८७ नंतर स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले, त्यांच्या घरी सणाच्या फुग्यांना ताडीमाडीचा हात लागतो. तेव्हा पाण्यात कालवलेले, मादक द्रव्याने आंबविलेले आणि परजातीच्या चुलीवर भाजलेले असे हे तिहेरी वर्ज्य अन्न होते. याउलट भडभुंज्याकडचे चणे-कुरमुरे सोवळ्या घरांतही चालत. बेकरीचे पीठ जेथे भाजते ती ‘भट्टी’ आणि ‘भडभुंजा’मधील ‘भड’ हे दोन्ही संस्कृत ‘भ्राष्ट्र’कडे नेले जातात, म्हणजे मूळ एक, विस्तव एक, पण कोरडे भाजलेले शुद्ध आणि ओले भाजलेले अशुद्ध. शास्त्राने केलेला हा भेद भाषेने मात्र पाळला नाही.

मेजावरची दुसरी पोर्तुगीज वस्तू आपल्या लक्षातही येत नाही. ‘कपबशी’ हा आपण जोडशब्द मानतो. त्यातील ‘कप’ इंग्रजी. ‘बशी’ मात्र पोर्तुगीज ‘बासिया’, म्हणजे पसरट भांडे, याच्याकडे नेली जाते. साष्टीच्या दोन राज्यकर्त्यांचे एवढे शांत सहजीवन दुसऱ्या कोणत्याही जोडशब्दात मला आढळलेले नाही. आणि मधल्या सदतीस वर्षांच्या मराठी अमलाचा वाटा म्हणजे कदाचित चहा बशीत ओतून फुरकण्याची रीत, असे विनोदाने म्हणता येईल. (विनोद सोडून द्यावा, बशीत ओतून चहा पिण्याची रीत इंग्लंडातही होती.)

‘चहा’ या शब्दाची कथा निराळी आहे. जगातील बहुतेक भाषांत या पेयाची दोनच नावे आहेत. चीनच्या दक्षिणेकडील मकाव बंदरातून पोर्तुगीजांनी आणि खुष्कीच्या मार्गाने इराण्यांनी नेले ते ‘चा’. अमॉयच्या बाजूने डच लोकांनी नेले ते ‘ते’, ज्याचे इंग्रजीत ‘टी’ झाले. गुजराती ‘चा’ आणि हिंदी ‘चाय’ सरळ आहेत. मराठी ‘चहा’तील हकार कोठून आला? पोर्तुगीज शब्दात तो नाही. जुन्या उर्दूत ‘चाय’बरोबर ‘चाह’ असेही रूप प्रचारात होते. त्यामुळे पाव किनाऱ्यावरून वर आला, आणि चहा हा शब्द मात्र देशावरून, फारसी-उर्दूच्या द्वारे खाली उतरला, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. तसे असेल तर पाव-चहा हा आज अभेद्य वाटणारा जोड दोन विरुद्ध दिशांनी आलेल्या अनोळखी शब्दांचा आहे.

या अनोळखी पाहुण्यांची आणि मराठी समाजाची उघड चकमक झाली ती मुंबईत नव्हे, पुण्यात. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमासाठी पुण्यातील अनेक प्रतिष्ठित गृहस्थ जमले होते. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले ही त्यांतील नावे. व्याख्यान झाल्यावर यजमानांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हाती घेऊन तसाच ठेवून दिला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी हे या प्रसंगाचे सूत्रधार. त्यांच्या खटपटीने पुढे उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात झळकली, आणि सनातन्यांनी हा वाद शंकराचार्यांपर्यंत नेला. चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे पुढे केले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले; त्या दिवसांत घरात काय घालमेल झाली हे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. सुधारकांत यावरून फूट पडली आणि ती बरीच वर्षे मिटली नाही.

राजकीय इतिहासात या प्रकरणाचा विचार टिळक व रानडे यांच्या भूमिकांच्या संदर्भात होतो. मला येथे दोन शाब्दिक गोष्टींकडे लक्ष वेधावयाचे आहे. पहिली: या वादाचे नाव ‘चहाचे ग्रामण्य’. ग्रामण्य म्हणजे ज्ञातीच्या पंचायतीपुढचा बहिष्काराचा तंटा. पेशवाईत जो शब्द वेदोक्त-पुराणोक्ताच्या भांडणांना लागे, तो आता एका पेल्यास लागला. दुसरी: नाव चहावरून पडले, बिस्किटांवरून नव्हे. वस्तुतः शास्त्राच्या दृष्टीने बिस्कीट हे पाण्यात कालवलेले पक्व धान्य, म्हणजे अन्न. चहा हे नुसते पेय. अपराध मोठा तो बिस्किटाचा. तरीही लोकांच्या जिभेवर राहिला तो चहा. माझ्या मते याचे कारण असे, की चहा तोवर पुण्याच्या घरांत शिरू लागला होता. पेय अपरिचित नव्हते, अपरिचित होता तो हात. लोकांना धक्का बसला तो, आपल्या घरी पितो तेच पेय त्यांनी ‘तेथे’ घेतले याचा. तक्रार पदार्थाची असती तर बिस्कीट पुढे आले असते. तक्रार जागेची होती.

हाताविषयीची ही किळस केवळ हिंदू समाजाचीच मिरास होती असे मात्र समजू नये. ब्रिटनमध्ये डॉ. जॉन डॉग्लिश यांनी पिठात कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने भरून, यीस्टशिवाय आणि हातांनी न मळता पाव फुगविण्याची युक्ती काढली, आणि १८६२ मध्ये ‘एरेटेड ब्रेड कंपनी’ स्थापन झाली. पावाला माणसाचा हात लागलेला नाही, हे तिच्या मालाचे मोठे भूषण मानले जाई. त्याच कंपनीच्या एका दुकानात १८६४ मध्ये गिऱ्हाइकांस चहा देण्यास आरंभ झाला, आणि तेथून बेकरीला जोडलेल्या चहागृहांची परंपरा इंग्लंडात रुजली. त्या चहागृहांचे सामाजिक महत्त्व असे, की सभ्य स्त्रीला पुरुषाच्या सोबतीशिवाय बसून काही खाता येईल अशी जागा तिला शहरात प्रथमच मिळाली. शुद्ध पावाच्या आग्रहातून निघालेल्या दुकानाने स्त्रीला घराबाहेर जागा करून द्यावी, हा योग चमत्कारिक खरा.

मुंबईत ही जागा निर्माण केली इराण्यांनी. पारशी समाज येथे शतकानुशतके होता. परंतु यझ्द व केरमान या भागांतून छळाला आणि दुष्काळाला कंटाळून निघालेले झरथुष्ट्री एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी आले, आणि त्यांना ‘पारशी’ न म्हणता ‘इराणी’ म्हटले गेले. इराणी मुसलमानही याच धंद्यात पडले. धोबीतलावावरील कयानी १९०४ ची, ग्रँट रोड स्थानकाबाहेरील मेरवान १९१४ ची, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ ची. कोपऱ्यावरील गाळे हिंदू व्यापारी अशुभ मानीत म्हणून ते इराण्यांना स्वस्तात मिळाले, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, दोन रस्त्यांवर दारे उघडणारी संगमरवरी मेजांची ही दुकाने ‘बाहेर’ आणि ‘आत’ यांमधली सीमाच पुसट करीत होती.

मराठीने या दुकानांना काय नाव दिले? ‘उपाहारगृह’ हा घडविलेला शब्द पाट्यांवर राहिला; तो बोलताना कोणी वापरल्याचे मी ऐकलेले नाही. लोक म्हणू लागले, “इराण्याकडे जाऊ.” जातिवाचक नाम सामान्यरूप घेऊन स्थळवाचक झाले. हीच प्रक्रिया ‘वाण्याकडे’मध्ये पूर्वी झाली होती आणि ‘उडप्याकडे’मध्ये नंतर झाली. परंतु इराणी आणि उडपी या दोन शब्दांत एक सूक्ष्म भेद आहे. उडपी म्हटले की ब्राह्मण आचाऱ्याच्या हातचे शाकाहारी अन्न असे अभय त्यात अनुस्यूत होते. माटुंग्याला १९४२ मध्ये सुरू झालेले रामा नायकांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग हे त्या परंपरेचे प्रसिद्ध उदाहरण. सोवळे मन उडप्याकडे पायरीपायरीने घराबाहेर पडू शकत होते. इराण्याकडे अशी पायरी नव्हती. तेथे गेलेला माणूस हाताचा प्रश्न सोडूनच गेलेला असे.

यावरून इराण्याचे मेज म्हणजे समतेचे व्यासपीठ असे जे हल्ली भावुकपणे लिहिले जाते, ते मात्र मला पूर्णपणे मान्य नाही. अनामिकता हे शहराचे देणे आहे. जात विचारली जात नव्हती तोवरच दार उघडे होते. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेलेल्या डॉ. आंबेडकरांना राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव लावून एका पारशी विश्रामगृहात उतरावे लागले, आणि खरी ओळख उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना तेथून घालवून दिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी स्वतः हे नोंदविले आहे. तेव्हा परधर्मीयाच्या छपराखाली जात गळून पडते हे गृहीत धरता येत नाही. याच काळात रेल्वेच्या फलाटांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे पुकारे होत असत, आणि खेड्यांतील चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळे पेले आता-आतापर्यंत राहिले. इराण्याचे श्रेय एवढेच, पण ते थोडके नव्हे, की त्याने विचारले नाही.

स्त्रियांच्या बाबतीत त्याने विचारले. ‘फॅमिली रूम’ हा त्या दुकानांतला आडोसा मराठीत इंग्रजी नावानेच आला. ‘फॅमिली’ याचा बोलीतील अर्थ बायको. “फॅमिली बरोबर आहे” म्हणजे पत्नी बरोबर आहे. आडोशाचे हे नावच सांगते, की स्त्रीला तेथे जागा होती ती कोणाची तरी म्हणून. एकटी स्त्री चहा पिते आहे हे दृश्य मराठी शहरांत यावयास आणखी बराच काळ जावा लागला.

इराण्यांबरोबर फारसी शब्दांची दुसरी लाट आली, किंबहुना आधीच आलेल्या शब्दांना नवे घर मिळाले. घरात ‘लोणी’ होते. बाहेर त्याचा ‘मस्का’ झाला. ही विभागणी आजही कडक आहे. भाकरीवर लोणी, पावावर मस्का. उलट बोलून पाहावे, कानाला खटकते. ‘मस्का लावणे’ म्हणजे खुशामत करणे. हा अर्थही लोण्याच्या वाट्याला सहसा येत नाही. घरचा शब्द पवित्र राहिला आणि लाचारीचा अर्थ बाहेरच्या शब्दाकडे गेला. ‘नानखटाई’तील ‘नान’ फारसी आहे यात शंका नाही; उत्तरार्धाचा संबंध चीनवाचक ‘खता’शी लावला जातो. ‘खारी’ मात्र आपली, ‘खार’ या शब्दावरून. तिच्या विशेषणाचे नाम होऊन बिस्कीट हे विशेष्य केव्हाच गळून पडले.

माझ्या आजोळी पाव आला तो दुसऱ्याच वाटेने. आजी पावाला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू देत नसे; तो बाहेरच्या खोलीतील फडताळात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला राही. पण घरात कोणास ताप आला की डॉक्टर दूध-पाव सांगत, आणि मग तोच पाव आजी स्वतःच्या हाताने दुधात कुस्करून भरवी. तिच्या लेखी ते अन्न नव्हते, औषध होते. आणि औषधाला विटाळ नाही. विलायती औषधांनी हिंदू घरांत प्रवेश केला तो याच सवलतीने. पावाच्या प्रसारात या सवलतीचा वाटा किती, याचा शोध कोणी पदव्युत्तर विद्यार्थ्याने घ्यावा. घरोघरी विचारूनच तो घ्यावा लागेल, आणि विचारण्याजोगी माणसे आता थोडी उरली आहेत.

येथवर मेजावर पोर्तुगीज, फारसी आणि इंग्रजी शब्द मांडून झाले. गोरेगावचे अथवा साष्टीचे म्हणून काही आले नाही. ते आले विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि आले ते शब्द म्हणून नव्हे, गावांची नावे म्हणून. शहरातील म्हशींचे तबेले बाहेर हलविण्यासाठी गोरेगावच्या पूर्वेस १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. तिचे शिल्पकार दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘आरे’ हे एका पाड्यावस्तीच्या मुलखाचे नाव; पण मुंबईकराच्या तोंडी ‘आरे’ म्हणजे दुधाची बाटली आणि पुढे दुधाचे केंद्र असाच अर्थ झाला. दक्षिणेस तीन स्थानके ओलांडली की विलेपार्ले. तेथे १९२९ मध्ये निघालेल्या मिठाईच्या कारखान्याने १९३९ पासून बिस्किटे काढली आणि ‘पार्ले’ हे गाव देशभर बिस्कीट झाले. तो मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद पडला. बिस्किटावर गाव अजून आहे. अशा रीतीने चहात आरे आणि बशीत पार्ले, असे साष्टीतले दोन मुलूख शेजारी-शेजारी येऊन बसले. दोन्ही मालांचा एक गुण समान होता. बाटली मोहोरबंद होती, पुडा मोहोरबंद होता. कोणाचा हात लागला हा प्रश्न तेथे विचारण्याची सोयच उरली नाही. डॉग्लिश यांनी यंत्राने जे साधले आणि पुण्याच्या शास्त्र्यांना प्रायश्चित्ताने जे साधावयाचे होते, ते वेष्टनाने विनासायास साधले. हात नाहीसा झाला नव्हता. तो दिसेनासा झाला होता.

गोरेगावच्या मराठी वस्तीचा स्वभावही या काळात घडत होता. १९४३ मध्ये पश्चिमेस फिल्मिस्तान स्टुडिओ उभा राहिला. समाजवादी कार्यकर्त्यांचे जाळे याच वस्तीत वाढले आणि केशव व मृणाल गोरे यांचे कार्यक्षेत्र म्हणून गाव ओळखले जाऊ लागले. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणालताईंसह मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे हे घरच्या पोळीचे हत्यार. ज्या घरांतील आज्यांनी बाहेरचा पाव घरात येऊ दिला नव्हता, तशाच घरांतील सुना घरचे लाटणे घेऊन बाहेर आल्या, याकडे शब्दांच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करू नये. मोर्चाहून परतताना चार जणींनी मिळून कोठे चहा घेतला असेल, तर त्यास कोणत्याही ‘फॅमिली’ची सोबत लागली नसणार.

‘चहापान’ या संस्कृतनिष्ठ समासाविषयी एक टीप येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. तो घरात अथवा बेकरीत चालत नाही. तो निमंत्रणपत्रिकेतला शब्द आहे. महाराष्ट्र विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येस सरकारतर्फे चहापान योजले जाते आणि विरोधी पक्ष त्यावर बहिष्कार टाकतात, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. १८९० मध्ये चहा घेतल्याबद्दल बहिष्कार, आणि आता चहावरच बहिष्कार. शब्दांची जोडी तीच राहिली, विभक्ती तेवढी बदलली.

आज गोरेगावच्या भट्ट्यांवर बहुधा उत्तर भारतातून आलेले कारागीर काम करतात. पोदेर, इराणी आणि ते यांच्यामध्ये भट्टी हाच एक सलग दुवा होता. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांस सहा महिन्यांच्या आत वायू अथवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. शहराच्या फुफ्फुसांचा विचार करता त्या आदेशास नावे ठेवता येणार नाहीत. तथापि विजेच्या पेटीला ‘भट्टी’ म्हणणार काय, हा आमच्या विषयाचा प्रश्न शिल्लक राहतो. मी ज्या बेकरीत दुपारी चहाला जातो तेथील वृद्ध कारागीर नव्या यंत्रास ‘ओव्हन’ म्हणतो आणि ते बसवलेल्या खोलीस ‘भट्टी’. विस्तव गेला, तरी नाव खोलीला चिकटून राहिले.

त्या बेकरीने नुकतीच पुढची बाजू काचेची करून चार मेजे मांडली आहेत, आणि दुपारी तेथे बहुतेक स्त्रियाच असतात. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी मुलांना शाळेतून आणावयास निघालेल्या आया, कोणी एकटीच. भिंतीवरील फलकावर सतरा पदार्थांची नावे आहेत. मी ती उतरवून घेतली. त्यांत फ्रेंचवरून आलेली चार, इटालियन दोन, बाकी इंग्रजी; ‘चहा’ हा शब्द तेवढा देवनागरीत. ‘पाव’ फलकावर नाही. परवा माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी फलकाकडे न पाहताच सांगितले, “एक कडक पाव, मस्का लावून, आणि चहा.” पोऱ्याने तो आतून आणून दिला, बशीत.